ओठ जागा होईपर्यंत

चहूबाजूंनी उसाचे फड आणि मधोमध एक गुऱ्हाळ, असं एक गाव होतं. त्या गावात एक गुळव्या राहत असे. गुळव्या म्हणजे उसाचा रस कढवून त्याचा गूळ करणारा कारागीर. रसावर आलेली मळी कधी काढायची, जाळ कधी कमी करायचा, पाक झाला असं कधी म्हणायचं, हे सगळं त्याच्या नजरेवर चाले. त्याच्या हातची ढेप कधी काळी पडली नाही की चिकट झाली नाही.

रस कढवायची भली थोरली कढई असते, तिला काहिल म्हणतात. ही काहिल चुलवाणावर, म्हणजे गुऱ्हाळाच्या मोठ्या चुलीवर चढली, की गुळव्या कुणाचा कुणी नसे. पाटील येवोत, पुजारी येवोत, खुद्द सासरा येवो, तो मान वर करत नसे. कुणी गप्पा मारायला टेकलंच, तर रस ढवळायचा लांब दांडा आडवा धरून तो सांगे, "आधी बाजूला व्हा. पाक झाल्यावर बोलू." लोक मुकाट्याने बाजूला होत. त्याचा राग कुणालाच येत नसे, कारण गूळ सगळ्यांना चांगलाच हवा असे.

पण हाच माणूस घरी आला, की पाण्यात टाकलेल्या गुळाच्या खड्यासारखा विरघळून जाई. भिडस्त म्हणावा तर किती. जेवायला बसला असताना कुणी आलं, तर ताट सरकवून उठे. कुणी दोर मागितला तर दोर देई आणि वर तो त्याच्या घरी पोचवून येई. 'नाही' हा शब्द त्याने गुऱ्हाळातच ठेवलेला होता, घरी आणलाच नव्हता. आता अशी माणसं मनानेही शांत असती तर एक वेळ चाललं असतं. पण हा मनातून नुसता चरफडत असे. पाहुणा उंबऱ्याबाहेर पडला रे पडला, की बायकोपाशी त्याची कुरकुर सुरू होई. ती म्हणे, मग त्यांना तोंडावर सांगायचं होतं. त्यावर हा म्हणे, तसं कसं सांगणार, वाईट दिसतं.

त्या गावाची एक रीत होती. कुणाच्याही घरी जाताना गुळाचा खडा घेऊन जायचा आणि घरातल्या पोराच्या तोंडात आपल्या हाताने घालायचा. बारसं असो, घर शाकारायचं असो, म्हैस हरवलेली असो की सापडलेली असो, खडा ठरलेला. पोराने नको म्हटलं तर तो आणणाऱ्याचा अपमान. त्यामुळे गावातली पोरं नको म्हणत नसत, आणि हसताना तोंडावर हात धरत, कारण निम्म्यांचे दात किडलेले होते. गुळाचा आणि किडीचा काही संबंध असेल, असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं. कुणी म्हणे पाणी वाईट, कुणी म्हणे नदीवरचा वारा बाधतो.

गुळव्याला एकच लेक होती, बकुळा. सगळे तिला बकू म्हणत. गुळव्याचीच लेक म्हटल्यावर तिच्या वाट्याला खडे जरा जास्तच येत. शेवटी तिची खालची एक दाढ किडून पार पोखरली आणि पोरगी गालावर हात दाबून रडायला लागली. लवंग झाली, कापूर झाला, पुजाऱ्याचा अंगारा झाला. ठणका काही जाईना. तेव्हा बायकोने निक्षून सांगितलं, की आता हिला नदीपलीकडच्या दातवैदिणीकडे न्यायचं, आणि आजच न्यायचं.

दिवस गुळाच्या ऐन हंगामाचे होते. काहिल थंड ठेवून चालणार नव्हतं. बायको इतकी वर्षं चुलवाणाचा जाळ सांभाळत आली होती, पाकाचं तिलाही कळत होतं. ती म्हणाली, तुम्ही हिला नेऊन आणा, मग काहिलीपाशी या, घरी हिच्याजवळ मी बसते. पण बकूने बापाच्या गळ्याला मिठी मारली ती सोडेचना. गुळव्या म्हणाला, "राहू दे. आजचा दिवस काहिल तू बघ. पोरीपाशी मी बसतो. त्यात काय अवघड आहे? नुसतं बसायचं तर आहे." बायकोने त्याच्याकडे जरा पाहिलं, पदर खोचला आणि ती गुऱ्हाळाकडे निघाली.

दातवैदीण म्हातारी होती आणि कमी बोलणारी होती. तिने बकूच्या हिरडीला कसल्याशा मुळीचा लेप लावला आणि तिच्या शेळीची चौकशी करत बसली. हळूहळू त्या बाजूचा सगळा गाल आणि खालचा ओठ बधिर झाला. मग शेळीला करडं किती झाली हे बकू सांगत असतानाच दाढ निघालीसुद्धा, आणि पोरीला पत्ता लागला नाही. वैदिणीने तिथे कापसाचा बोळा दाबून धरला, रक्त थांबल्याची खात्री केली आणि मग गुळव्याला जवळ बोलावलं.

"माझं काम झालं, आता तुझं," ती म्हणाली. "हिचा ओठ झोपलाय. झोपलेल्या ओठाला चावलेलं कळत न्हाई. पोरांना त्याची गंमत वाटते, ती चावत बसतात. तो जागा होईपर्यंत हिला काही खायला द्यायचं न्हाई, आणि हिच्या तोंडावरनं नजर काढायची न्हाई."

ओठ जागा कधी होईल, असं त्याने विचारलं. उन्हं तुझ्या ओट्यावरून उतरून अंगणात गेली की होईल, असं ती म्हणाली. मग गार झालेला मऊ भात आणि ताक द्यायचं, कढत आणि कडक काही द्यायचं नाही. गुळव्या म्हणाला, "एवढंच ना?"

"एवढंच," वैदीण म्हणाली. "पण एवढंच कुणाच्यानं हुईत न्हाई."

नावेतून परत येताना नावाड्याने चौकशी केली आणि गुळव्याने त्याला सगळं सांगितलं. हे काही फार शहाणपणाचं झालं नाही. नावाड्याला सांगितलेलं गावात पोचायला नाव लागत नाही.

घरी आल्यावर त्याने ओट्यावर बाजलं टाकलं, बकूला बसवलं आणि समोर आपण बसला. बकूला ओठाचं मोठं नवल वाटत होतं. ती बोटाने तो दाबून बघे, ओढून बघे. "बा, ह्यो ओठ माझा न्हाईच," ती म्हणाली. "कुणीतरी आणून चिकटवलाय." गुळव्या हसला आणि त्याने तिचं बोट हळूच बाजूला केलं. तिचा जबडा जरा हलला की तो म्हणे, बकू, चावायचं नाही. ती लगेच थांबे. खरंच काही अवघड नव्हतं. आपण उगाच घाबरलो असं त्याला वाटलं.

तेवढ्यात शेजारीण आली.

हातात गुळाचा खडा होताच. पोर कशी आहे, असं विचारत ती ओट्यावर चढली. गुळव्याला वैदिणीचं बोलणं आठवलं. आत्ता सांगून टाकावं, असं त्याच्या मनात आलं. आणि तोंडातून काय निघालं, तर "या ना, बसा ना." खडा मात्र त्याने आपल्या हातात घेतला, मग देतो म्हणाला आणि कनवटीला लावला. आपण मोठी हुशारी केली असं त्याला वाटलं. शेजारणीला ते फारसं आवडलं नाही, पण ती बसली आणि तिने पाणी मागितलं. गुळव्या पाणी आणायला आत गेला.

बाहेर आला तेव्हा बकूचा जबडा हलत होता. त्याने विचारलं, काय खातेस? बकू म्हणाली, काही नाही. त्याने तिला तोंड उघडायला लावून लांबूनच बघितलं. खरंच तोंडात खायचं काही नव्हतं. त्याचा जीव भांड्यात पडला. ओठाची आतली बाजू बघावी, हे काही त्याला सुचलं नाही, कारण तोवर शेजारीण तिच्या स्वतःच्या दाढेची हकिगत सांगायला लागली होती आणि मध्येच मान फिरवणं बरं दिसलं नसतं.

मग पुजारी आला. त्याला पाट हवा होता. आपल्या अंगाऱ्याने ठणका निम्मा तरी उतरला होता की नाही, हे त्याला गुळव्याच्या तोंडून ऐकायचं होतं. गुळव्या हो म्हणाला. मग चुलतचुलते आले. त्यांना ऐकायला कमी येत असल्यामुळे दाढेची सगळी गोष्ट त्यांना पहिल्यापासून दोनदा सांगावी लागली, आणि एवढं सांगून झाल्यावर त्यांनी विचारलं, दुखतंय कुणाचं? त्यांच्यामागून आणखी दोघी-तिघी आल्या. ज्याच्या त्याच्या हातात खडा. प्रत्येक खडा मागून घेऊन कनवटीला लावता लावता गुळव्याचं धोतर एका बाजूने जड झालं.

मनात तो दातओठ खात होता. ह्यांना घरं नाहीत का, ह्यांच्या चुली विझल्यात का, एक दाढ निघाली तर गावाने जत्रा भरवायची काय गरज आहे, असं त्याच्या मनात चाललं होतं. आणि तोंडाने तो विचारत होता, "काका, सुपारी कातरून देऊ का?" असल्या माणसाला काय म्हणावं? ओट्यावर आता इतकी माणसं होती, की त्याच्या आणि बकूच्या मध्ये तीन पाठी आल्या. त्याला नुसती तिची वेणी दिसत होती. वेणी जागच्या जागी होती, म्हणजे पोर बरी आहे, असं तो स्वतःला समजावत होता. जो तो म्हणत होता, किती शहाणी आहे बकू, बघा कशी गप्प बसलीय. ती गप्प का बसलीय, हे बघायला कुणी वाकलं नाही.

शेवटी पाटलीणबाई आल्या. त्या आल्या म्हटल्यावर सगळे उठून उभे राहिले, गुळव्या आतून सतरंजी आणायला धावला. तो सतरंजी घेऊन येतो तोवर पाटलीणबाई थेट बाजल्यापाशी गेल्या होत्या आणि त्यांनी चिमटीत खडा धरला होता. त्यांच्या हातातून खडा मागून घेणं कुणालाच शक्य नव्हतं. गुळव्याने 'नको' म्हणायला तोंड उघडलं. सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "असू दे, असू दे. मोठ्यांच्या हातचं आहे."

बकूने आ केला. खडा तोंडात गेला. अर्ध्या तोंडाने ती तो चावायला लागली. जरा वेळाने तिचा चेहरा वाकडा झाला आणि ती म्हणाली, "बा, गूळ खारट लागतोय."

पाटलीणबाईंच्या भुवया वर गेल्या. त्यांच्या घरचा गूळ आणि खारट? आणि इथेही गुळव्याने काय केलं असेल? आधी तो पाटलीणबाईंकडे वळला. पोर लहान आहे, तिला चव कळत नाही, तुम्ही मनावर घेऊ नका, असं हात जोडून सांगत राहिला. सांगता सांगता त्याची नजर खाली गेली. बकूच्या परकरावर लाल थेंब पडले होते.

सतरंजी तिथेच टाकून तो बाजल्याशी गुडघे टेकून बसला आणि त्याने तिचा ओठ हळूच उलटा केला. आतून ओठ चावून चावून सोललेला होता. एका ठिकाणी दात पार रुतला होता. खारट लागत होतं ते रक्त. आणि पोरगी रडत नव्हती, नुसती सगळ्यांच्या तोंडाकडे बघत होती. आपलं काही बिनसलंय हेच तिला कळलेलं नव्हतं.

मग मात्र ओट्यावर एकदम सगळेच बोलायला लागले. कुणी म्हणालं हळद दाबा, कुणी म्हणालं चुना लावा. पुजारी अंगारा आणायला निघाला. चुलतचुलते विचारत होते, काय झालं. पाटलीणबाई म्हणाल्या, त्या वैदिणीचाच हात लागलाय, दाढ काढता काढता ओठ कापून ठेवला. झालं, सगळ्यांना ते पटलं. उद्या सकाळी सगळ्यांनी मिळून पलीकडे जायचं आणि म्हातारीला इथून पुढे या नदीकाठी राहू नकोस म्हणून सांगायचं, असं ठरलंसुद्धा. जाताना एकाने गुळव्याला विचारलं, तिने तुला काही सांगितलं नव्हतं का रे? गुळव्याने खाली बघितलं आणि तो काही बोलला नाही.

उन्हं अंगणात उतरली. माणसं आपापल्या घरी गेली. आणि वैदिणीने सांगितलं होतं त्याच वेळेला ओठ जागा झाला.

तेव्हा बकू रडली. कुणी नसताना रडली, एकट्या बापासमोर. ओठ सुजून फुगला होता, पाणी लागलं तरी झोंबत होतं, मऊ भाताचा एक घास आत जात नव्हता. तिला कडेवर घेऊन गुळव्या अंगणात येरझारा घालत राहिला. कनवटीचे खडे एकेक करून खाली पडत होते आणि तो ते उचलत नव्हता.

बायको गुऱ्हाळातून आली. अंगाला धुराचा वास येत होता, पण ती खुशीत होती, कारण गूळ सोन्यासारखा उतरला होता. बकूचं तोंड बघितल्यावर तिची खुशी कुठल्या कुठे गेली. तिने पोरीला घेतलं, ओठाला लोणी लावलं आणि काय झालं म्हणून विचारलं. गुळव्या सांगायला लागला. शेजारीण आली, मग पुजारी आले, काकांना दोनदा सांगावं लागलं, पाटलीणबाईंना नाही कसं म्हणणार, तूच सांग. बायको ऐकत होती. तिने लोण्याची वाटी ठणकन खाली ठेवली.

बोलली ती बकू. सुजलेल्या ओठातून तिचे शब्द नीट येत नव्हते, पण समजले.

"बा, मी काहिल असते तर बरं झालं असतं."

गुळव्या मटकन खाली बसला. लेक चिडून बोलली नव्हती. तिने बापाला गुऱ्हाळात कितीदा तरी पाहिलं होतं. काहिलीपाशी तो कुणाला येऊ देत नाही, हे तिला माहीत होतं, आणि आपल्याला काय वाटतं ते तिने सांगितलं.  

सकाळी तो बकूला खांद्यावर घेऊन नदीच्या उताराशी, नावेपाशी गेला, तर तिथे गाव जमलेलंच. सगळे वैदिणीवर चालून निघाले होते, पाटलीणबाई पुढे होत्या.  आज गप्प बसलं तर एक म्हातारी देशोधडीला लागणार होती आणि त्याच्या लेकीचा ओठ बघायला कुणी उरणार नव्हतं. त्याने घसा खाकरला.

"वैदिणीनं ओठाला हात लावलेला न्हाई," तो म्हणाला. "ओठ पोरीनं चावलाय. काही खायला देऊ नको, नजर काढू नको, असं म्हातारीनं मला बजावून सांगितलं हुतं. तुम्ही सगळे आलात आणि मी तुम्हाला जा म्हणालो न्हाई."

 मग पाटलीणबाईंनी त्याच्याकडे असं बघितलं, जणू कुणी त्यांना सकाळी सकाळी उगाच नदीपर्यंत चालवत आणलंय.

"मग काल सांगायचं की रे," त्या म्हणाल्या. "आम्हाला काय सपान पडणार हुतं? सांगितलं असतंस तर आलोच नसतो."

आणि त्या वळून घरी गेल्या. त्यांच्यामागे बाकीचेही गेले. चुलतचुलते तेवढे मागे राहिले, कारण त्यांना काही ऐकू आलेलं नव्हतं.

गुळव्या नावेत बसला आणि नाव पलीकडे लागेपर्यंत स्वतःवर चडफडत राहिला. एवढंच होतं? आयुष्यभर ज्या गोष्टीला तो भ्याला, ती एवढीशी होती? कालचं सगळं दुखणं, पोरीचं रडणं, एका वाक्यात टळलं असतं, आणि ते वाक्य त्याला रोज गुऱ्हाळात बोलायची सवय होती.

वैदिणीने ओठ बघितला. ती त्याला रागावली नाही, त्याचं त्याला जास्त लागलं. तिने सांगितलं, की कोमट पाण्यात मीठ घालून चुळा भरायला लावायच्या आणि लोणी लावत राहायचं. जखमेवर पांढरी साय धरेल. ती बघून लोक पू झाला म्हणतील आणि खरवडायला सांगतील, पण तिला हात लावायचा नाही, ती आपोआप जाईल. मग ती म्हणाली, की दुसऱ्या बाजूची एक दाढही खराब आहे. ओठ बरा झाला की तीही काढायला लागेल.

बकू बापाच्या मागे लपली. मागूनच ती म्हणाली, "दाढ काढू दे. पण घरी बा नको. आई पाहिजे."

वैदिणीने गुळव्याकडे पाहिलं आणि ती आपल्या मुळ्या आवरायला लागली.

ओठावर पांढरी साय धरली. शेजारीण कुंपणावरून म्हणाली, पू झालाय, पानाने खरवडून काढ. गुळव्या म्हणाला, "नाही." म्हटल्यावर तो स्वतःच दचकला. शेजारीण बरं म्हणाली आणि आपल्या कामाला लागली. ओठ हळूहळू बरा झाला, साय गेली, बकू पुन्हा ओठ पुढे काढून आईला वेडावून दाखवायला लागली.

दुसरी दाढ काढायचा दिवस आला. काढून झाली. गुळव्याने बकूला घरी आणलं तेव्हा तिचा दुसऱ्या बाजूचा गाल आणि ओठ झोपलेला होता. आई ओट्यावर उभी होती. बकूने आईकडे बघितलं, मग बापाकडे बघितलं.  गुळव्या मी बसतो म्हणाला नाही, या वेळी नीट बसेन म्हणाला नाही. तो गुऱ्हाळात गेला आणि काहिलीतला रस ढवळायचा लांब दांडा घेऊन आला. तो त्याने ओट्याच्या पायरीवर आडवा टाकला. मग रस्त्याकडे पाठ करून तो बाजल्यासमोर बसला आणि त्याने लेकीच्या तोंडाकडे नजर लावली.

बकूने जरा विचार केला. "आई, तू जा गुऱ्हाळात," ती म्हणाली.

माणसं यायची ती आलीच. गाव का सुधारतं असं एका दिवसात? पावलं वाजली, शेजारीण पायरीशी आली. गुळव्याने मान वळवली नाही.

"आधी बाजूला व्हा," तो म्हणाला. "ओठ जागा झाल्यावर बोलू."

आवाज गुऱ्हाळातला होता. शेजारीण मुकाट्याने बाजूला झाली. पुजारी आला, त्यालाही तेच ऐकावं लागलं, आणि तोही बाजूला झाला. चुलतचुलत्यांना दोनदा सांगावं लागलं, पण गुळव्याने दोन्ही वेळा नजर न काढता सांगितलं. सगळे जाऊन समोरच्या चिंचेखाली बसले. बकूचा जबडा जरा हलला, की तो बोट वर करी. ती थांबे. पुन्हा हलला, पुन्हा बोट वर. खरं सांगायचं तर ते फार कंटाळवाणं काम होतं. पाठीला रग लागली, माशी नाकावर बसली, पाय मुंग्यांनी भरून आले. बकू कधी हसायची, कधी रुसायची, कधी मुद्दाम ओठ दातांखाली धरून बापाची परीक्षा बघायची. त्याला तिचाही राग येत होता. पण तो उठला नाही.

पाटलीणबाई आल्या. दांड्याशी थांबल्या. चिमटीत खडा होता. त्यांनाही त्याने तेच सांगितलं, तितक्याच आवाजात.

"मग ह्यो खडा कुणाला देऊ?" त्यांनी विचारलं.

"तुम्हीच खा," गुळव्या म्हणाला.

खडा परत न्यायची रीत नव्हती. पाटलीणबाईंनी तो फणकाऱ्याने स्वतःच्या तोंडात टाकला, कडकन चावला आणि त्या गालावर हात दाबून जागच्या जागी उभ्या राहिल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. जरा वेळाने त्या चिंचेखाली गेल्या आणि हळू आवाजात तिथे बसलेल्या नावाड्याला विचारू लागल्या, की ती वैदीण सकाळी भेटते की दुपारी.

उन्हं ओट्यावरून उतरली आणि अंगणात गेली. बकूने ओठाला बोट लावलं. मग चिमटा काढून बघितला आणि ती स्स करून ओरडली. तिने आरशात बघावं तसं बापाच्या डोळ्यांत बघितलं आणि हसली. ओठ धड होता.

"बा," ती म्हणाली, "पाक झाला."

गुळव्याने पायरीवरचा दांडा उचलला आणि लेकीला कडेवर घेऊन तो गार झालेला भात कालवायला आत गेला. चिंचेखालची माणसं अजून बसली होती. त्यांना बोलवायचं त्याला आठवलंच नाही.

तात्पर्य काय, तर ज्यांची आपण भीड धरतो ते पाणी पिऊन आपापल्या घरी जातात आणि ओठ सुजतो तो आपल्या लेकराचा. म्हणून राखणीला बसायचं असेल, तर 'नाही' म्हणायचं आधी शिकावं आणि मग बसावं.